पलाणावरून सांगायची वाट

प्रवास म्हटला की लोकांना काश्मीर आठवतं, नाहीतर केरळ. माझा प्रवास पिंप्राळ्यातून निघाला आणि धरणगाव, धुळे करत पुन्हा पिंप्राळ्यातच संपला. तेवढ्यातच कंबरडं मोडलं. वैशाखातला खानदेश ज्याने एसटीच्या खिडकीतून पाहिलाय त्याला मी वेगळं काय सांगणार? ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी लिहिते आहे. पण फिरायला या म्हणून नव्हे हं. येऊच नका, निदान वैशाखात तरी.

माझं जळगावला पिंप्राळ्यात लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. लग्न झालं, मोडलं, ते जाऊ द्या. आई, आबा आणि मी एका घरात राहतो. आम्ही पलाणी. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, आणि ऐकायला येईल इतके आम्ही आता उरलोही नाही. पलाण म्हणजे घोडीवरचं खोगीर. त्यावर बसून आलो म्हणून पलाणी. आलो कुठून, यावर आमच्यात भाऊबंदकी होते. कोणी म्हणतं मारवाडातून, कोणी म्हणतं काठेवाडातून. लग्नात जेवणाच्या पंगतीत एकजण तर आम्हाला थेट इराणला नेऊन सोडतो.

खरं उत्तर आमच्या 'वाटे'त आहे म्हणतात. वाट म्हणजे आमच्या मुक्कामांची नावं, ओळीने. आपल्या घरापासून सुरुवात करायची आणि मागे मागे जात पहिल्या मुक्कामापर्यंत पोचायचं. नियम एकच. वाट सांगणाऱ्याने घोडीवर बसूनच सांगायची. जमिनीवर बसून सांगितलेली वाट लागत नाही. आता हा नियम ज्याने केला त्याच्या दारात घोडी होती, त्याचं काय जातंय! आबांचा जळगाव स्टेशनवर टांगा होता. रिक्षा आल्या, टांगा बसला, आबांनी घोडी विकली आणि डाळमिलमध्ये रखवालदारी धरली. घोडीबरोबर वाटही गेली. मी तेव्हा परकरात होते.

आमच्यातलं माणूस जायला टेकलं की त्याला घरच्यांनी घोडीवर बसून वाट सांगायची, म्हणजे ते आल्या वाटेने परत जातं. नाही सांगितली तर अडकून पडतं. आबांचं डावं अंग होळीपासून गेलेलं. डॉक्टर म्हणाले, घरी न्या आणि सेवा करा. तेव्हापासून आबा खाटेवर पडल्या पडल्या एकच बोलतात, "धरणगाव… पारोळा…" तिथे अडतात. डोळे मिटतात, ओठ हलवून शोधतात, सापडत नाही. की पुन्हा "धरणगाव… पारोळा…" दिवसभर. माझा या गोष्टींवर विश्वास आहे का, विचारू नका. पण तो आवाज ऐकून ऐकून आईची झोप उडाली, आणि मी एका बाईच्या ब्लाउजचा पाठीचा गळा पुढे कापून बसले.

शेवटी आईच चिडली. "उभा जन्म 'आपण पुढं जाणार, पुढं जाणार' करत काढला! दाराला नावाची पाटी लावू दिली नाही. अंगणात कढीपत्ता लावते म्हटलं तर, इथं कुठं राहायचंय म्हणे. आता निघायची वेळ आली तर वाट सापडेना! जा बाई, कुठे मिळते ती घेऊन ये. मला नाही हे बघवत."

ऐन लग्नसराईत दुकानाचं शटर ओढलं आणि निघाले.

धरणगाव

रस्त्याला दोन्ही बाजूंना कपाशीची रानं, नांगरून उघडी पडलेली. हिरवं म्हणून काही नाही. खिडकीतून येणारी हवा तव्यावरून उठल्यासारखी, आणि खिडकी लावली तर घुसमट. पदर ओला करून तोंडाला लावला, तो दोन गावं जाईतो वाळला.

धरणगावला आबांचे चुलतभाऊ आहेत, नाना. आमच्या आजोबांनी तिथेच डोळे मिटले, म्हणून आबांची वाट धरणगावपासून सुरू होते असं मी समजत होते. काकूने घरात पाऊल ठेवायच्या आत तांब्या दिला आणि पानात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा वाढला. जळगावात आम्ही आता सकाळ-संध्याकाळ पोळ्याच लाटतो. कळण्याची भाकरी खायला हॉटेलात जायचं आणि फोटो काढायचा. मी मुकाट दोन भाकऱ्या खाल्ल्या.

नानांना वाट येत होती, म्हणजे येत होती असं त्यांना वाटत होतं. अडचण घोडीची. नाना म्हणाले, "काही बिघडस नही. मन्ही स्कूटर शे ना." आणि खरंच अंगणात स्कूटर डबल स्टँडवर लावून, टोपी नीट करून, हँडल धरून बसले. मला हसू आलं, मग त्यांचा गंभीर चेहरा बघून गिळून टाकलं.

"धरणगाव, पारोळा, बोरीनं पात्र…" नाना सुरू झाले आणि आबा अडायचे त्याच्या एकच पाऊल पुढे जाऊन अडले. "घोडी चालस तसं बोलनं पडस," ते म्हणाले, "ही हालत नही ना." म्हणून ते स्वतःच हलायला लागले. मागे-पुढे, मागे-पुढे, डोळे मिटून, "बोरीनं पात्र… बोरीनं पात्र…" आणि स्कूटर स्टँडवरून उतरली ती नानांसकट थेट लिंबाच्या पारावर. गुडघा फुटला. काकू हळद घेऊन आली, तोंडाचा पट्टा सोडतच. "घोडी इकी टाकी तवय काही वाटनं नही, आते स्कूटरले घोडी बनाडस का?"

नाना हळद दाबत बसले. मग म्हणाले, "मले बी कोन सांगी व बेटा आते? बठ्ठा इसरी गया मी." सगळी वाट विसरले, आणि त्यांच्या वेळेला ती सांगणारंही कोणी नाही. त्यांचे डोळे भरले होते. थोड्या वेळाने त्यांनीच पत्ता दिला. त्यांची आणि आबांची आत्तेबहीण जमनाअक्का, सोनगीरजवळ राहते. तिचा मुलगा भिका लग्नांना घोडी देतो. वाट आता तिच्याकडेच शिल्लक.

सोनगीर आणि पुन्हा धुळे

धुळ्याला उतरून आग्रा रोडची गाडी धरली. स्टँडवर चपलेचा अंगठा तुटला. एका पायात चप्पल फरफटवत मी सोनगीरला पोचले तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि तांबटांच्या आळीतली ठोकाठोक कानाचे पडदे फाडत होती. तिथून पुढे रिक्षाने अक्काचं घर. घराला कुलूप! शेजारणीने सांगितलं, घोडी धुळ्याला लग्नाला गेली आहे आणि अक्का घोडीबरोबर. मुलगा घोडीला हरभरे भिजवून घालायला विसरतो म्हणून म्हातारी प्रत्येक लग्नाला जाते. म्हणजे मी धुळ्यावरून इथे आले आणि आता पुन्हा धुळ्याला. देवा, म्हटलं, आमच्या पूर्वजांनी एवढी वणवण घोड्यावर बसून केली, मला निदान बसायला जागा तरी दे. गाडीत जागा नव्हती. उभ्यानेच गेले.

मंगल कार्यालय कापडाच्या एका मोठ्या मारवाडी व्यापाऱ्याने घेतलेलं. मागच्या गल्लीत लिंबाच्या सावलीला पांढरी घोडी उभी, कपाळावर आरसे, मानेत घुंगरं, पाठीवर लाल मखमलीचं पलाण. नाव गुलाब. तिच्या पायाशी घमेलं घेऊन एक वाळकी म्हातारी बसलेली. तिने मान वर केली आणि मी काही सांगायच्या आधीच म्हणाली, "तू किसननी आंडेर ना? नाक तेच शे."

किसन म्हणजे आबा. हो, मी त्यांचीच मुलगी, म्हटलं, आणि आबांचं सगळं सांगितलं. तिने ऐकता ऐकता घोडीच्या तोंडापुढे हरभरे धरणं काही थांबवलं नाही.

"सुरुवात कथाईन करस तो?"

"धरणगावपासून."

"तठेच चुकना. मानूस धरणगावले शे का?"

"नाही. पिंप्राळ्याला."

"मंग जठे मानूसच नही, तठून घोडी कशी निंघी?"

मी तिथेच मातीत बसले. इतका साधा हिशेब, आणि आम्ही होळीपासून त्या माणसाच्या तोंडाकडे बघत होतो.

मग अक्काने समजावून सांगितलं. आमच्यात मुक्काम म्हणजे राहण्याचं ठिकाण नव्हे. जिथे आपलं माणूस, नाहीतर घोडी, कायमची मागे राहिली ते गाव वाटेत शिरतं, बाकीची गावं नुसती गेली. आणि नवं नाव घालायचं ते जाणाऱ्याने, स्वतःच्या तोंडाने; घोडीचं तेवढं घरच्यांनी. मी पटकन म्हटलं, त्यात काय, आबांच्या वतीने मी म्हणेन की पिंप्राळा. अक्काने माझ्या हातावर फटका मारला. "तू घेवानं नही! दुसरानी नाव घिदं म्हंजे त्याले घरमाईन हाकली दिधा. त्यानंच सांगो, का मी अठे थांबस." आणि त्याने नाहीच सांगितलं तर? "तर तो बिननावना मुक्काम. तशा एक शे आपली वाटमा. तठे कोन ऱ्हायना, कोनले म्हाईत नही."

पाटी लावू न देणारा माणूस हा. तो म्हणणार का, मी इथे थांबतो?

"बरं, उरलेली वाट सांगा," मी म्हटलं.

"खाले बसीसन? वाट काय भजी शे का, पुडीमा बांधी देऊ?"

आणि ती म्हातारी पलाणाला हात घालून एका झोकात घोडीवर! मी बघतच राहिले. भिका पुढे होऊन लगाम धरून गल्लीत घोडी फिरवू लागला, अक्का वरून सांगू लागली आणि मी तुटकी चप्पल हातात घेऊन बाजूने चालू लागले. धरणगाव, पारोळा, बोरीचं पात्र, सोनगीर, तापीचा उतार, सातपुड्यातला घाट, नर्मदेचा काठ. प्रत्येक नावाबरोबर एक माणूस. सोनगीरला एक बाळंतीण राहिली. तापीच्या उताराला दोघं भाऊ पुरात गेले, जाता जाता नाव ओरडून. घाटात घोडी राहिली, माणसं नाही. नर्मदेच्या पलीकडची नावं मी कुठल्या नकाशात पाहिली नाहीत: सात पिंपळ, कोरडी बारव, खाऱ्या पाण्याचं गाव, वाळूतला मुक्काम, बिननावाचा मुक्काम. आणि सगळ्यात शेवटी, जिथे घोडीनं पहिलं पाणी प्यायलं. बस. तिथे गावाचं नाव नाही. मारवाड नाही, काठेवाड नाही, इराण तर नाहीच. एवढी भांडणं करून शेवटी हाती काय, तर एक पाणवठा. मला थोडा रागच आला.

आता माझी पाळी. एवढ्यात नवऱ्या मुलाचे काका घाम पुसत आले. "माँजी, बींद तयार है, घोडी किधर? मुहूर्त जा रहा है!" बींद म्हणजे नवरदेव. भिका घाबरला. अक्काने मात्र त्यांना सरळ सांगितलं की हिचा बाप जातोय, हिला वाट पाठ करायची आहे. मला वाटलं आता हे भडकणार. पण त्या काकाशेटजींनी टोपी काढून डोकं पुसलं आणि मराठीत म्हणाले, "आमच्याकडे गावाकडून भाट येतात, पिढ्या वाचून दाखवतात. तुमच्याकडे घोडीवर बसतात. चढा बहेनजी, मी बँडवाल्यांना अजून दोन गाणी सांगतो." आणि स्वतः मंडपातली खुर्ची आणून घोडीशेजारी ठेवली.

खुर्चीवर चढले, गुडघ्याने कुरकुर केली, भिकाने खालून रेटलं, आणि मी एकदाची वर. खाली बघितलं तर जमीन दुसऱ्या गावाला गेलेली! पण गुलाब चालायला लागली आणि काय सांगू, नाना म्हणत होते ते खरं. पाऊल पडतं तसं नाव येतं. तिच्या चालीतच ते सगळं बांधलेलं आहे. मधेच फोन वाजला. सवयीने उचलला. "ताई, माझ्या बाह्या कुठपर्यंत ठेवल्या?" "कोपरापर्यंत!" म्हणून ओरडले आणि पुढचं नाव चुकले. अक्काने पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं. दुसऱ्या खेपेला सगळी वाट न अडता आली.

शेटजींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. तुपात बुडवलेल्या बाट्या आणि डाळ. आमच्या बट्टीपेक्षा त्यांची बाटी लहान आणि तूप दुप्पट. अक्काने दोन पदरात बांधून घेतल्या.

मी तिला म्हटलं, "अक्का, तुम्हीच चला पिंप्राळ्याला. तुमच्या तोंडून नीट होईल."

"घरनाच मानूस पाहिजे."

"मी मुलगी आहे, चालेल?"

"घोडीले काय समजस, वर आंडोर शे का आंडेर?" मग ती गुलाबच्या मानेवर हात फिरवत राहिली. "बठ्ठासले सांगी सांगी थकी गऊ मी, माय. भिकाले ध्यानमा ऱ्हास नही. मन्हा येळले तू ये." मी हो म्हटलं. एवढं मोठं वचन देताना माणसाने जरा विचार करावा, पण मी फार दमले होते आणि ती माझ्याहून जास्त दमलेली दिसत होती.

पुन्हा पिंप्राळा

ठरल्याप्रमाणे भिका सकाळी पिकअपमध्ये गुलाबला घालून आला. कपाळाचे आरसे, घुंगरं, मखमल, सगळं तसंच. दुपारी तिचं एरंडोलला लग्न होतं, पुन्हा कोण सजवत बसणार? आमच्या कॉलनीत नवरदेवाची घोडी उतरली आणि सगळ्या गॅलऱ्यांमधून माना बाहेर आल्या. "ताई, कोणाचं लग्न?" "अगं, बोलली नाहीस आधी!" समोरच्या वहिनी तर साडी बदलायला आत पळाल्या. मी सांगितलं, लग्न नाही, आबांसाठी आहे. तरी आत कोणी गेलं नाही.

आबांची खाट आम्ही खिडकीला लावली होती. खिडकीबाहेर घोडी उभी केली. प्लास्टिकच्या स्टुलावर पाय देऊन मी चढले. घुंगरं वाजली तशी आबांची मान वळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते "धरणगाव" म्हणायचे थांबले. डोळे घोडीवर खिळले, आरशावर, पलाणावर. उजवा हात हलला, लगाम धरल्यासारखा.

"आबा, मी वाट घेऊन आले आहे," मी म्हटलं. "पण पहिलं नाव तुम्हाला द्यायचंय. मला घेता येत नाही. कुठून निघायचं, सांगा."

आबा माझ्याकडे बघत राहिले. मग ओठ हलले. "धर…"

"नाही आबा. ते आजोबांचं. तुमचं सांगा."

भिकाने लगाम थोडा सैल केला, गुलाबने पाऊल बदललं, घुंगरं पुन्हा वाजली. गल्लीत भाजीवाल्याने हाक द्यायला तोंड उघडलं आणि बघून मिटलं. मला ते नाव ओरडून सांगावंसं वाटत होतं. किती साधं नाव! लाइटबिलावर आहे, रेशनकार्डावर आहे, रिक्षावाल्याला आपण रोज सांगतो. जीभ चावून धरली. आई पदराने हात पुसत खाटेपाशी येऊन उभी राहिली. आबांनी मान फिरवून तिच्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग घराच्या भिंतीकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"पिंप्राळा," आबा म्हणाले.

एका बाजूचं तोंड गेलेलं, तरी स्पष्ट. मी टाच लावली. पिंप्राळा, धरणगाव, पारोळा, बोरीचं पात्र. खिडकीसमोरून घोडी जायची, वळायची, यायची. सोनगीर. तापीचा उतार. आबांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. अडत नव्हते. घाट. नर्मदेचा काठ. मला रडू येत होतं पण चाल मोडू दिली नाही. सात पिंपळ, कोरडी बारव, खाऱ्या पाण्याचं गाव, वाळूतला मुक्काम, बिननावाचा मुक्काम. जिथे घोडीनं पहिलं पाणी प्यायलं. धुळ्याला मला त्या पाणवठ्याचा राग आला होता. आता आला नाही. एवढं चालून आल्यावर माणसाला दुसरं हवं तरी काय असतं?

वळून बघितलं तर आबा झोपले होते. शांत, तोंड उघडं टाकून, घोरत. त्यानंतर त्यांनी वाट शोधली नाही. पुढच्या आठवड्यात ते असेच झोपेत गेले.

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं. मी घोडीवरच होते, उतरायला स्टूल सापडत नव्हता. आई खिडकीचे गज धरून उभी होती.

"ते पिंप्राळा म्हणाले ना गं? तूही ऐकलंस ना?"

"हो आई."

"आला बाई एकदाचा माणूस घरी," आई म्हणाली. डोळे पुसले. मग अंगणाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "घोडीला तिकडे नेऊ नकोस. तिथं मला कढीपत्ता लावायचाय."